ओल्यात लग्न, वाऱ्यावर वरात

१. याला फुलं कधी येतात?

पावसाळा लागला की कुंपणाच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, गडाच्या पायऱ्यांवर मखमली हिरवा थर चढतो. त्याच्याबद्दल लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. न पेरता, न लावता हे येतं कुठून? आणि याला फुलं कधी येतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो: कधीच येत नाहीत. फूल नाही, फळ नाही, बी नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र अख्खं प्रकरण लागेल.

आधी ओळखपरेड उरकू. भिंतीवरचं सगळंच हिरवं एका घराण्यातलं नसतं. पाय घसरवणारा बुळबुळीत थर बहुतेकदा शैवालांचा असतो. खडकाला आणि झाडाच्या सालीला चिकटलेले राखाडी-हिरवट पापुद्रे ही लायकेनं. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल त्यांतलंच. तो बुरशी आणि शैवाल यांचा भागीदारीतला धंदा. आपल्याला हवेत ते या दोघांपेक्षा वेगळे. चिमटीत धरून उपटलं तर इवलीशी काडी आणि तिच्याभोवती दाटीनं लागलेली पानं दिसली, तर ते मॉस. ओल्या मातीला किंवा कातळाला चिकटून पसरलेली, टोकाशी पुन्हा पुन्हा दुभंगत जाणारी हिरवी पट्टी दिसली, तर ते लिव्हरवर्ट. खरं तर लिव्हरवर्टच्या बहुसंख्य जाती पानवाल्या आणि मॉससारख्याच दिसणाऱ्या आहेत, पण आपल्याकडे पटकन नजरेत भरतात त्या या पट्ट्याच.

जगात मॉसच्या साधारण १२ हजार आणि लिव्हरवर्टच्या सातएक हजार जाती आहेत. हॉर्नवर्ट नावाचं तिसरं छोटं घराणं आहे, त्यात जेमतेम दोनेकशे. शाळेच्या पुस्तकात या तिघांना मिळून ब्रायोफायटा म्हणतात आणि पुढे ‘वनस्पतिसृष्टीतले उभयचर’ अशी ओळख करून देतात. ओळख बरोबर आहे, पण अर्धीच. बेडूक अंडी घालायला पाण्याकडे जातो. मॉसला जाता येत नाही. पाणी आपल्याकडे येईपर्यंत त्याला जागेवर थांबावं लागतं. शिवाय नुसतं पाणी येऊन भागत नाही. यांचं मीलन पाण्याशिवाय होत नाही हे खरं, पण यांची प्रजा लांब पोचायची तर हवा कोरडी लागते. ओलं आणि कोरडं या दोन्ही गरजा एकाच रोपानं भागवायच्या कशा? त्यांनी काम दोन पिढ्यांत वाटून घेतलं. एक पिढी ओल्याची, दुसरी कोरड्याची. बाकीचं सगळं या वाटणीतून समजत जातं.

२. धुळीतून धागा, धाग्यातून रोप

भिंतीवर येऊन पडतं ते बी नसतं, बीजाणू असतो. फरक मोठा आहे. हरभऱ्याच्या दाण्यात तयार अंकुर असतो आणि त्याच्या जोडीला शिदोरी असते. बीजाणू म्हणजे एकच पेशी, वरून चिवट कवच, आत किरकोळ साठा. पुष्कळ मॉसचे बीजाणू मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागाइतके असतात. म्हणजे मोजपट्टीच्या एका मिलिमीटरवर पन्नास ते शंभर सहज ओळीत मांडता येतील. इतकी हलकी धूळ वारा कुठेही नेतो. तुमच्या भिंतीवर ती उन्हाळ्यातही असते. आपल्याला दिसत नाही एवढंच.

ओल आणि उजेड मिळाला की कवच फुटतं. पण आतून मॉसचं रोपटं बाहेर येत नाही, बाहेर येतो एक हिरवा धागा. तो लांबतो, त्याला फांद्या फुटतात, आणि काही दिवसांत भिंतीवर हिरवट जाळं पसरतं. सूक्ष्मदर्शकाखाली हा धागा नवख्याला शैवालच वाटतो. फक्त पेशींमधल्या काही भिंती तिरप्या दिसतात, त्यावरून जाणकार ओळखतात. मग या धाग्यांवर जागोजाग बारीक कळ्या धरतात आणि प्रत्येक कळीतून पानांची एक काडी उभी राहते. मॉस कधी एकटंदुकटं का दिसत नाही, त्याचा गठ्ठाच का असतो, याचं एक कारण हे. एका बीजाणूपासून डझनावारी काड्या उठतात. पुढे खालचा धागा बहुधा नाहीसा होतो आणि काड्या राहतात.

या काड्यांना मुळं नसतात. खाली केसासारखे मूलाभ असतात, त्यांचं मुख्य काम धरून ठेवणं. पाणी पानं थेट अंगावर घेतात, कारण बहुतेक मॉसचं पान एका पेशीच्या जाडीचं असतं. पाणी वर चढवणारी आंब्या-फणसासारखी नळयंत्रणा नाही, म्हणून उंची बेताची. मॉसमुळे भिंतीला तडे जातात का, असं घरमालक विचारतात. पिंपळाची मुळं भिंत फोडतात तसं मॉस काही फोडत नाही. ते आहे म्हणजे भिंतीत ओल टिकते आहे, इतकाच त्याचा निरोप.

३. थोडंसं गणित: ९ अधिक ९

इथे गुणसूत्रांचा हिशेब समजून घेतला पाहिजे. कठीण नाही.

आपल्या शरीरातल्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. २३ आणि २३, मिळून ४६. शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना ४६ चे पुन्हा २३ होतात. म्हणजे माणसाच्या आयुष्यात एका संचावर जगणारी अवस्था असते ती फक्त त्या सुट्या पेशींपुरती. त्या स्वतंत्रपणे वाढत नाहीत, खात-पीत नाहीत. एक तर भेटतात किंवा मरतात.

मॉस आणि लिव्हरवर्टमध्ये हे उलटं आहे. आपण ज्याला मॉस म्हणतो, ती भिंतीवरची सगळी हिरवाई एका संचावर जगते. मर्केंशिया नावाच्या लिव्हरवर्टचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे सोपे आहेत.

मर्केंशियाच्या हिरव्या पट्टीतल्या प्रत्येक पेशीत ९ गुणसूत्रं. पट्ट्या नर आणि मादी अशा वेगवेगळ्या. नर पट्टी शुक्रपेशी बनवते, त्यांतही ९. इथे निम्मं करायचा प्रश्नच येत नाही, कारण मुळात एकच संच आहे. मादी पट्टी अंडपेशी बनवते, तिच्यातही ९. दोन्ही जुळल्या की ९ अधिक ९ बरोबर १८. या १८ वाल्या पेशीपासून जो नवा जीव वाढतो, ती दुसरी पिढी. तिला युग्मकं, म्हणजे नर-मादी पेशी, बनवता येत नाहीत. ती फक्त बीजाणू बनवते. बीजाणू बनवताना १८ चे पुन्हा ९ होतात. बीजाणू भिंतीवर पडला, रुजला, की त्याची ९ गुणसूत्रांची हिरवी पट्टी. चक्र पूर्ण.

पहिल्या पिढीला युग्मकधारी आणि दुसरीला बीजाणूधारी म्हणतात. शब्द जड वाटले तर ‘हिरवी पिढी’ आणि ‘बोंडाची पिढी’ म्हणा, काही बिघडत नाही; बीजाणू ज्या पिशवीत तयार होतात ती बोंड. मीही पुढे तेच म्हणणार आहे.

या हिशेबातून एक मजेदार गोष्ट निघते. माणसात मुलगा की मुलगी हे शुक्रपेशी आणि अंडपेशी जुळताना ठरतं. मर्केंशियात जुळताना काहीच ठरत नाही. १८ वाल्या पेशीत नराचं आणि मादीचं अशी दोन्ही गुणसूत्रं असतात, त्यामुळे बोंडाची पिढी ना नर ना मादी. तिच्या एका पेशीपासून चार बीजाणू होतात, त्यांतले दोन नर निघतात, दोन मादी. निवाडा तिथे होतो. वनस्पतींमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं असतात हे सगळ्यांत आधी दिसलं तेही एका लिव्हरवर्टमध्येच. अमेरिकेतल्या चार्ल्स ॲलन यांनी १९१७ मध्ये स्फेरोकार्पोस या चिमुकल्या लिव्हरवर्टमध्ये ती दाखवली.

४. शेवटचे चार सेंटिमीटर

आता मीलनाकडे वळू. इथेच सगळी अडचण आहे.

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना फ्युनारिया आठवत असेल. महाबळेश्वरसारख्या थंड ओल्या ठिकाणी, जळक्या जमिनीवर, जुन्या भिंतींवर हे मॉस सापडतं. त्याच्या मुख्य काडीच्या टोकाला पानांची तांबूस चकती दिसते. तिच्यात नर अवयव असतात, गदेच्या आकाराच्या पिशव्या. बुंध्यापाशी एक बाजूची फांदी फुटते आणि पुढे मुख्य काडीच्याही वर जाते. तिच्या टोकाला पानांआड मादी अवयव असतात. मादी अवयवाचा आकार लांब मानेच्या सुरईचा. तळाला एकच अंडपेशी, मानेत पेशींची एक रांग.

पाऊस पडला की दोन्हीकडे हालचाल होते. नर पिशव्या पाणी पिऊन टोकाला फुटतात आणि शुक्रपेशी बाहेर पडतात. सुरईच्या मानेतल्या पेशी विरघळतात, त्यांचा बुळबुळीत रस होतो आणि वाट मोकळी होते. शुक्रपेशीला दोन शेपट्या असतात, त्या हलवत ती पोहते. तिला दिशा कोण दाखवतं? जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८८०च्या दशकात पातळ काचनळ्यांमध्ये निरनिराळे पदार्थ भरून त्या पाण्यात धरल्या. नेच्यांच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाच्या नळीत शिरल्या. मॉसच्या शुक्रपेशी उसाच्या साखरेच्या नळीत शिरल्या.

पण साखरेचा माग काढत पोहायचं ते किती? शुक्रपेशी फार तर काही सेंटिमीटरचा टप्पा गाठते, आणि तोही मधे कुठे पाण्याचा पापुद्रा तुटला नाही तर. फ्युनारियाचं ठीक आहे, नर-मादी एकाच रोपावर. पण मॉसच्या अर्ध्याहून अधिक जातींत नर रोप वेगळं आणि मादी रोप वेगळं. मधे बोटभर कोरडी जागा असली तरी ती ओलांडता येत नाही.

यावर उपाय बरेच निघाले आहेत. पॉलिट्रायकम या राकट, उंच मॉसच्या नर काडीच्या टोकाला पानांची उघडी वाटीच तयार होते. पावसाचा टपोरा थेंब नेमका वाटीत पडला की शिंतोडे उडतात आणि त्यांच्याबरोबर शुक्रपेशीही. मर्केंशियाची नर पट्टी त्याच कामासाठी देठावर चपटी चकती उभारते. काही मॉसनी, उदाहरणार्थ ल्युकोब्रायमनं, वेगळीच तडजोड केली आहे. तिथे नराचा बीजाणू मादीच्याच पानावर पडून रुजतो आणि नर वाढतो तो डोळ्यांना धड दिसणारही नाही इतका खुजा. अंतराचा प्रश्नच मिटला. घरजावयाची याहून टोकाची अवस्था निसर्गात क्वचितच असेल.

सलग पाण्याशिवाय हे घडूच शकत नाही, असं पुस्तकं शंभर-सव्वाशे वर्षं सांगत आली. मग २००६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एक साधासा प्रयोग झाला. मॉस घेतलं ब्रायम अर्जेंटियम. रुपेरी झाक असलेलं, जगभरातल्या शहरांत फरशांच्या फटीत वाढणारं, आपल्याकडेही गच्चीवर आणि फुटपाथच्या कडेला दिसणारं. नर आणि मादीचे पुंजके बशीत ठेवले: काही चिकटून, काही दोन सेंटिमीटरवर, काही चार सेंटिमीटरवर. काही बश्यांत स्प्रिंगटेल किंवा कोळीकीटक सोडले. स्प्रिंगटेल म्हणजे कुजक्या पाल्यात टुणटुण उड्या मारणारे, मिलिमीटरभर लांबीचे बिनपंखी जीव. जिथे हे जीव नव्हते तिथे फक्त चिकटून ठेवलेल्या पुंजक्यांत फलन झालं. जिथे होते तिथे चार सेंटिमीटरवरच्या मादीलाही बोंडं धरली. शुक्रपेशी त्यांच्या अंगाला चिकटून गेल्या होत्या.

सहा वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांनी पुढचा भाग दाखवला. सेराटोडॉन या मॉसची नर आणि मादी रोपं वेगवेगळे वास सोडतात आणि स्प्रिंगटेल मादीच्या वासाकडे जास्त ओढले जातात. फूल आणि मधमाशी हा सौदा आपण फुलांचा शोध समजत होतो. फूल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी जमिनीवर आलेल्या घराण्यात त्याच धर्तीचा व्यवहार सापडला. तो किती जुना आहे हे अजून वादात आहे, पण मला विचाराल तर या विषयातली अलीकडची सगळ्यांत गोड बातमी हीच.

५. कडेवरचं लेकरू

फलन झालेली अंडपेशी सुरईच्या तळातच राहते आणि तिथेच वाढू लागते. बोंडाची पिढी सुरू झाली. ती आईपासून कधीच सुटी होत नाही. तिचं खालचं टोक आईच्या अंगात रुतून बसतं आणि तिथून पाणी, क्षार, साखर ओढून घेतं. चांगलं उंच वाढलं, आईच्या डोक्याच्या वर गेलं, तरी कडेवरून खाली न उतरणारं हे लेकरू. कोवळं असताना बोंड हिरवं असतं, स्वतःपुरतं थोडंफार अन्नही बनवतं, पण पोट भरायला आईच लागते.

मॉसमध्ये आधी देठ लांबतो. तो वाढताना सुरईची भिंत फाटते आणि तिचा वरचा तुकडा देठाच्या टोकावर तसाच चढून बसतो. हे बाळाचं टोपडं, आणि ते आईच्या अंगच्या पेशींचं आहे. त्यात गुणसूत्रांचा एकच संच. ते नुसतं शोभेचं नाही. फ्युनारियाचं टोपडं वेळेआधी काढून टाकलं तर बोंड नीट घडत नाही, वाळून जाण्याचा धोकाही वाढतो. टोपड्याच्या आत टोक सुरक्षित असताना बोंड फुगतं, नासपतीच्या आकाराचं होतं, एका बाजूला कलतं. मग टोपडं गळतं. खाली झाकण दिसतं. बोंड पिकून तपकिरी झालं की झाकणही पडतं.

एवढ्यावर बीजाणू सांडले असते, आणि भर पावसात सांडले असते तर तिथेच चिखलात बसले असते. पण झाकणाखाली दातांचं कडं असतं. फ्युनारियात दातांच्या दोन रांगा, प्रत्येकी १६. हे दात मेलेल्या पेशींच्या भिंतींचे बनलेले आहेत. त्यांच्यात जीव नाही, तरी ते हलतात. दाताच्या दोन बाजू दमटपणानं कमी-जास्त फुगतात, त्यामुळे दात वाकतो किंवा सरळ होतो. दमट हवेत तोंड मिटतं, कोरड्या हवेत फटी उघडतात आणि वाऱ्याच्या हिसक्यानं बीजाणू थोडे थोडे बाहेर पडतात. फ्युनारियाचा देठही दमटपणानुसार पीळ घेतो आणि सोडतो. त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावातला हायग्रोमेट्रिका हा भाग त्यावरूनच आला.

हे घरी पाहता येतं. पाऊस ओसरल्यावर झाकण पडलेलं तपकिरी बोंड देठासकट आणा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दातांवर हलकेच तोंडाची वाफ सोडा. दात हलताना दिसतात. वाफ उडाली की परत फिरतात. एकाच बोंडावर कितीदाही करा. मुलांना विज्ञान आवडत नाही असं म्हणणाऱ्या पालकांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. भिंग परत मिळायला वेळ लागेल.

सह्याद्रीत या वाटणीचं वेळापत्रक ठळक दिसतं. पावसाच्या महिन्यांत हिरवी पिढी फोफावते आणि मीलन उरकते. पाऊस मागे हटू लागला की देठ वर येतात, आणि कोरडे वारे सुटेस्तोवर बोंडं पिकतात. ज्या उंचीनं हिरव्या पिढीचं नुकसान झालं असतं, तीच उंची बोंडाला हवी असते. जमिनीलगत हवा जवळजवळ ठप्प असते. दोन-तीन सेंटिमीटर वर गेलं तरी वाऱ्याची झुळूक लागते.

सगळेच दात वापरत नाहीत. स्फॅग्नम, म्हणजे नर्सरीत ऑर्किड बांधायला मिळतं ते मॉस, थंड दलदलीतलं. त्याचं गोल बोंड उन्हात वाळताना आक्रसतं आणि झाकण फाटकन उडतं. बीजाणूंचा ढग दहा सेंटिमीटरहून वर जातो. एवढे हलके कण इतके वर कसे जातात हा प्रश्न होता, कारण हवेच्या विरोधानं ते लगेच थांबायला हवेत. अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केल्यावर २०१० मध्ये कळलं की हवा कड्याच्या आकारात गिरकी घेत वर जाते आणि बीजाणूंना बरोबर नेते. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात शेणावर वाढणारं स्प्लॅक्नम तर वाऱ्यावरही विसंबत नाही. त्याचं रंगीत, फुगीर बोंड वास सोडतं, माश्या येतात, चिकट बीजाणू पायांना लागतात आणि माशी ते थेट पुढच्या ताज्या शेणावर नेऊन पोचवते.

६. लिव्हरवर्टची घाई

लिव्हरवर्टमध्ये क्रम उलटा. आधी आतल्या आत बोंड पूर्ण तयार होतं, बीजाणू पिकतात, आणि मग देठ लांबतो. तोही नव्या पेशी करून नव्हे, आहेत त्याच पेशी पाण्यानं ताणून. म्हणून देठ पांढुरका, मऊ, काही दिवसांत उभा आणि लगेच लुळा. मॉसचं बोंड महिनोन्महिने उभं राहतं. पुष्कळ लिव्हरवर्टचं आठवड्याभरात संपतं. दात नाहीत, त्यांच्या जागी बीजाणूंमध्ये मिसळलेले पिळदार धागे असतात. बोंड उकललं की हे धागे वाळताना पिळाला झटका देतात आणि बीजाणू उधळतात.

मर्केंशियाची मादी पट्टी देठावर बोटं पसरल्यासारखी छत्री उभारते आणि बोंडं छत्रीच्या खालच्या बाजूनं लोंबतात. रिक्सियानं याउलट सगळा डामडौल सोडून दिला आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, मैदानाच्या कडेला रुपयाएवढी हिरवी चकती दिसते, मधून खाचा पडलेली; ती बहुधा रिक्सिया. तिच्या बोंडाला देठ नाही, खाली रुतणारं टोक नाही, पिळदार धागे नाहीत. पट्टीच्या आत एक गोळा, गोळ्यात बीजाणू. पावसाळा सरला की पट्टी कुजते आणि बीजाणू जागच्या जागी मातीत मिसळतात. पुढच्या वर्षी तिथेच रिक्सिया. हे मूळचं साधेपण की नंतर झालेली काटछाट, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ भांडले. आज बहुतेकांचा कल काटछाटीकडे आहे.

सह्याद्रीच्या कातळांवर आणि रस्त्याकडेच्या दरडींवर प्लॅजिओकाझ्मा आणि टार्जिओनिया ही दोन लिव्हरवर्ट पुष्कळ आढळतात. हिवाळा संपत आला की त्यांच्या पट्ट्या कडेनं आत वळतात, खालची काळपट जांभळी बाजू वर येते आणि हिरवा भाग झाकला जातो. मार्चमध्ये ते पाहिलं तर कोणी जळका कागद चिकटवलाय असं वाटेल. त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओता आणि जरा थांबा. कडा उलगडू लागतात. त्याच डोंगरांत, ओलसर अंधाऱ्या कपारीत सायथोडियम मिळतं. कललेल्या उजेडात ते सोनेरी-हिरवं चमकतं. हा उजेड त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या पातळ अंगातून परत फिरलेला आहे, पण अंधारात नेम धरून पाहिलं तर क्षणभर खरं वाटत नाही.

७. दुकानदाराची पहाट

इतकं सगळं कळायला वेळ लागला. लिनियसनं अठराव्या शतकात फुलांच्या नर-मादी अवयवांवरून सगळ्या वनस्पतींची वर्गवारी केली आणि मॉसपाशी अडला. त्यानं मॉसच्या बोंडालाच पुंकेसर समजलं, म्हणजे बोंडातली धूळ त्याच्या लेखी पराग. या सगळ्या मंडळींना त्यानं ‘गुप्त विवाहवाले’ अशा अर्थाच्या वर्गात टाकलं. योहान हेडविग नावाच्या डॉक्टरनं रुग्ण सांभाळत सूक्ष्मदर्शक चालवला आणि १७७०च्या दशकात खरे नर आणि मादी अवयव बोंडाहून वेगळे आहेत हे पाहिलं.

पण दोन पिढ्यांचा पूर्ण हिशेब मांडला विल्हेल्म हॉफमाइस्टरनं. तो लाइपझिगमधल्या संगीत-प्रकाशकाचा आणि पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, स्वतः धंद्यातच बसलेला. विद्यापीठाची पदवी नाही. नजर इतकी अधू की वस्तू डोळ्यांजवळ धरावी लागे. सूक्ष्मदर्शकाला मात्र ते चाललं. दुकानाच्या वेळेआधी, पहाटे, तो मॉस, लिव्हरवर्ट, नेचे आणि सूचिपर्णी झाडं यांचे काप घेत बसे. १८५१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं ग्रंथ छापला. त्यात दाखवलं की या सगळ्यांत पिढ्यांची तीच आलटापालट आहे, फक्त मोठी कोणती आणि छोटी कोणती हे बदलत जातं. गुणसूत्रांचं महत्त्व तोपर्यंत कोणाला माहीतही नव्हतं, आणि डार्विनचा ग्रंथ यायला आठ वर्षं होती. १८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठानं या दुकानदाराला प्राध्यापक केलं.

भारतात हा अभ्यास उभा केला शिवराम कश्यप यांनी. लाहोरात शिकवता शिकवता त्यांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवर दोन खंड लिहिले, पहिला १९२९ चा, दुसरा १९३२ चा. आपल्या खंडाळा-महाबळेश्वरच्या मॉसवर जी. टी. दाभाडे यांचं इंग्रजी पुस्तक आहे. मराठी वाचकाला हाताशी धरून डोंगरात नेणारं असं पुस्तक मात्र कोणी तरी लिहायला हवं.

८. जोडीदार मिळालाच नाही तर

नर आणि मादी वेगळी, पोहण्याचा पल्ला बोटभर, मग पुष्कळदा गाठ पडणारच नाही. एखाद्या दरडीवर सगळी मादीच रोपं असतात, वर्षानुवर्षं बोंड धरत नाही, तरी पसारा वाढत असतो. हे जमतं कारण या वनस्पती बिनलग्नाच्याही पसरतात.

मर्केंशियाच्या पट्टीवर कडेला झालर असलेल्या छोट्या वाट्या दिसतात. त्यांच्या तळाशी हिरव्या टिकल्या तयार होतात, प्रत्येक टिकली मिलिमीटरहून लहान. वाटीत असताना त्या वाढत नाहीत. पावसाचा थेंब पडला, टिकली उडून ओल्या मातीवर पडली, की मूलाभ फुटतात आणि नवी पट्टी सुरू. ती हुबेहूब मूळ पट्टीसारखी, नर असेल तर नर, मादी असेल तर मादी. ज्या बाजूवर उजेड पडतो ती वरची होते, त्यामुळे टिकली कशीही पडली तरी बिघडत नाही.

मॉसला तर टिकलीचीही गरज नाही. पानाचा, काडीचा तुटका तुकडा ओल्यात पडला तर त्यातून पुन्हा तो हिरवा धागा निघतो, त्यावर कळ्या, त्यातून काड्या. म्हणूनच भिंत खरवडून काढली की पुढच्या पावसात मॉस दुप्पट जागेत दिसतं. खरवडणाऱ्यानं स्वतःच तुकडे करून ते पसरवलेले असतात. त्याऐवजी गळकी पन्हाळ दुरुस्त करावी. भिंतीची ओल गेली की मॉस आपोआप विरळ होतं.

हे तुकडे किती टिकाऊ? अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर मॉसचे जाड थर गोठलेल्या जमिनीत शतकानुशतकं साचलेले आहेत. ब्रिटिश संशोधकांनी त्यांतून उभा गाभा कापून आणला, त्याचे काप केले आणि नेहमीच्या उजेडात, वाढीला योग्य तापमानात ठेवले. वरून कसलीही लागवड केली नाही. काही आठवड्यांत, एक मीटरहून खोल थरातल्या कापांवर जुन्या काड्यांना बाजूनं नवे हिरवे कोंब फुटले. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कार्बन चाचणीनं त्या थराचं वय दीड हजार वर्षांहून अधिक निघालं.